मोतिया रंगाच्या चार खुर्च्या

तीन रविवार मी त्या खुर्चीवर बसून जेवले असेन. किंवा दोन, किंवा एकही नाही. नेमकं सांगता येत नव्हतं, आणि माझ्या किळसेचं मूळ त्या नेमकं सांगता न येण्यातच होतं.

जेवणाच्या टेबलाभोवती आमच्याकडे चार खुर्च्या. आईनं लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी पारखून आणलेल्या, गडद लाकडाच्या, सरळ पाठीच्या, पायांवर कसलंही नक्षीकाम नसलेल्या. संच मोडलेला तिला खपत नसे. एखादी बशी फुटली तर उरलेल्या कपाकडे ती विधुराकडे बघावं तशी बघायची.

शेवटच्या वर्षी तिच्या पायांतलं बळ गेलं. दवाखान्यातून ॲल्युमिनियमची खुर्ची आणली, बसायच्या जागी भोक असलेली. ती तिनं एकदा वापरली आणि म्हणाली, "हिच्यावर बसलं की मला आजारी असल्यासारखं वाटतं." तेव्हा तिला कूस बदलायलाही माणूस लागत होता. बाबांनी चारांतली एक खुर्ची गॅलरीत नेली, बैठकीच्या मधोमध पेन्सिलनं वर्तुळ आखलं आणि करवतीनं कापून काढलं. खाली भांडं सरकवायला दोन पट्ट्या ठोकल्या. सात महिने ती खुर्ची आईच्या पलंगाला लागून होती. घरात तिला नाव नव्हतं. आम्ही नुसतं 'ती' म्हणायचो. ती आण, ती धुतली का, ती उन्हात ठेव.

आई गेली आणि चार महिन्यांनी बाबा रंगकाम शिकायला जायला लागले.

त्यांच्या रस्त्याच्या टोकाला टायरचं एक दुकान बंद पडलं होतं. तिथे एका बाईंनी जुनं फर्निचर रंगवायचा वर्ग काढला होता. सगळे त्यांना रंगबाई म्हणत. त्याही फोन उचलून "रंगबाई बोलतेय" असंच म्हणत. वर्गात नऊ बायका आणि बाबा. बाबांची सगळी नोकरी दुकानांतले तराजू आणि वजनं तपासण्यात गेली होती. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची खोटी मापं पकडली. अशा माणसाच्या हातात कोणी ब्रश आणि सोनेरी रंगाची डबी दिली की काय होतं, ते मी दर रविवारी बघत होते.

पहिल्यांदा पुस्तकांचं कपाट गुलाबी झालं. मग त्याच्या कडा सोनेरी झाल्या. मग त्या कडा पॉलिशपेपरनं घासून खालचं लाकूड मुद्दाम डोकावेल असं केलं गेलं. जुनं कपाट नवं दिसावं म्हणून रंगवायचं आणि नवा रंग जुना दिसावा म्हणून घासायचा, ही त्या विद्येची रीत. चपलांच्या खोक्यावर हात पुसायच्या छापील कागदाचा वरचा पापुद्रा सोलून चिकटवलेले गुलाब आले. पलंगाशेजारच्या टेबलावर तर माझ्या शाळेतल्या शब्दकोशाची पानं डकवली. मी ग्रंथालयात काम करते; फाटलेली पानं जोडणं हा माझा रोजचा उद्योग. त्या टेबलावर 'पाटी' ते 'पाय' एवढे शब्द होते आणि त्यांच्या मधोमध बाबांच्या पाण्याच्या ग्लासाचं ओलं कडं. घरात पाऊल टाकलं की सरसाचा आणि रंगाचा गोडसर वास घशाशी बसायचा. आजारपणाचा वास बरा होता असं एकदा मनात आलं, आणि स्वतःचाच राग आला.

बोलले मात्र नाही. रविवारचं जेवण सोडलं तर बाबांत आणि माझ्यात निमित्त उरलं नव्हतं. आई होती तोवर आमचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. आता मी सूप आणायची, ते बटाटे उकडायचे, आणि समोरासमोर बसून आम्ही पाव खायचो.

मग खुर्च्या मोतिया झाल्या. नुसत्या मोतिया नाहीत, तडे गेलेल्या. दोन रंगांच्या मध्ये सरसाचा एक हात दिला की वरचा रंग वाळताना तडकतो. रंगबाई त्याला 'जाळी' म्हणत. मी त्या खुर्च्यांवर बसले, तोंड वाकडं केलं आणि जेवले. किती होत्या ते मोजलं नाही. घरातल्या गोष्टी कोण मोजतं?

तिसऱ्या रविवारी मावशी आली. ही आईची धाकटी बहीण. तोंडाला येईल ते बोलते आणि मग जीभ चावते, पण ती नेहमी नंतर चावते.

"भावोजी, अंड्याच्या टरफलावर बसल्यासारखं वाटतंय हो," ती जाळीवरून बोट फिरवत म्हणाली. "छान आहेत. सगळ्या एकसारख्या." तिनं सुपाचा चमचा उचलला आणि टेबलाभोवती नजर फिरवली. "थांबा जरा. चार कशा?"

बाबा मला वाढत होते.

"तीन हव्यात ना? एक तर ती..." चमचा तिच्या ओठाशी थांबला.

"भोक बुजवलं," बाबा म्हणाले. "प्लायवूडचा गोल बसवला, कडेच्या फटीत पुट्टी भरली, चारींना रंग दिला."

मावशी अशी काही उठली की खुर्ची उताणी पडली. "कोणती? माझ्याखालची?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे मलाही माहीत नाही. रंग वाळल्यावर डोळे मिटून फिरवल्या. खालच्या बाजूनं चारींना सारखी फळी मारली आहे, वाकून बघितलं तरी कळायचं नाही. प्लायमुळे एक हलकी भरत होती. तिच्या फळीत आधीच शिसं घालून वजन एक केलं होतं."

"वजन केलंत? खुर्च्यांचं?"

"मग? उचलल्यावर कळलं असतं की."

त्यांचा आवाज नोकरीतला होता, शिक्का मारताना असायचा तसा. मावशीनं माझ्याकडे बघितलं. "मी उभ्यानं जेवते," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्यांना तेच बरं असतं."

माझ्या तोंडात पावाचा घास होता. मांडीखालची बैठक एकदम ओलसर वाटायला लागली. ओली नव्हती, हे मला समजत होतं. तरी परकराच्या, साडीच्या आरपार काहीतरी वर चढतंय असं वाटलं. मी गॅलरीतल्या बेसिनशी जाऊन घास थुंकून टाकला, चूळ भरली, परत भरली. आरशाच्या चौकटीवर कागदी गुलाब होते.

बाबा गॅलरीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"ती खुर्ची जाईपर्यंत मी या घरात जेवणार नाही," मी म्हणाले.

"कोणती जाईल? मला माहीत नाही म्हटलं ना."

"मग चारी टाका."

"चार राहतील, बाळ." मग म्हणाले, "कॉफी तरी घेशील?"

"उभ्यानं?" आतून मावशी म्हणाली.

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. घरी एकटीच जेवले, आणि माझ्या खुर्चीवर बसतानाही आधी हात फिरवून बघायला लागले. बाबांना फोन केला नाही, त्यांनीही केला नाही. आईशिवाय आम्ही इतके सहज तुटू शकतो, हे कळायला दोन आठवडे पुरले.

तिसऱ्या रविवारी सकाळी फोन आला. "डाग वर आलाय," ते म्हणाले.

"कसला?"

"ये."

तीन खुर्च्या टेबलाला लागून होत्या आणि एक भिंतीकडे तोंड करून. बाबांनी ती फिरवली. मोतिया बैठकीवर मधोमध एक तपकिरी-पिवळं कडं उमटलं होतं. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पुसट, आणि जाड बाजूनं तड्यातड्यांतून बाहेर झिरपलेलं. त्याच्याभोवती ताज्या रंगाचे थर दिसत होते.

"तीन वेळा रंग मारला. दोन दिवसांत परत येतो," बाबा म्हणाले. इतकं हरलेलं मी त्यांना आईच्या खोलीतही बघितलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मळमळलं, पण बरं वाटलं. शेवटी ती सापडली होती. "आता कळलं ना कोणती," मी म्हणाले. "आता टाका."

"रंगबाई म्हणतात, चहाचा डाग असा वर येत नाही."

"चहाचा?"

बाबा खुर्चीच्या पाठीवरचा नसलेला धुरळा पुसायला लागले. वर्गात पहिल्याच दिवशी रंगबाईंनी प्रत्येकाला विचारलं होतं म्हणे, लाकडावर डाग कसला? तेल, पाणी, शाई, काय असेल ते खरं सांगा; खालचा हात कशाचा द्यायचा ते त्यावर ठरतं. आणि जन्मभर लोकांची खोटी मापं पकडलेल्या माझ्या बापानं सांगितलं होतं, चहा.

"का?"

"मग काय सांगू? नऊ बायका बसलेल्या. त्यातल्या दोघी तुझ्या आईला ओळखत होत्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तिची गोष्ट मी चारचौघांत सांगायची का?"

"आणि टाकायची नाही ती का? त्यावर तरी बोला."

"ती म्हणाली होती." कापायच्या दिवशी त्यांनी वर्तुळ आखलं आणि तिला दाखवायला खुर्ची आत आणली होती. तिनं ते मन लावून बघितलं. म्हणाली, कापा, पण नंतर बुजवायचं. संच मोडायचा नाही. "मी हो म्हटलं."

"मला नाही सांगितलंत."

"तू नव्हतीस खोलीत."

टोमणा नव्हता. त्यांना टोमणे येत नाहीत. मी त्या खोलीत बहुतेक वेळा नव्हतेच. मी औषधं आणत होते, डॉक्टरांशी बोलत होते, बिछान्याजवळ बसून तिला वाचून दाखवत होते. आणि 'ती' ओढल्याचा आवाज आला की मला स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचं. एकदाच जावं लागलं. मदतीला येणारी बाई आली नव्हती, बाबा भाजी आणायला गेले होते, दुपारची वेळ. आईनं हाक मारली. मी गेले, तिला धरून बसवलं आणि भांडं उचलताना नाकाला रुमाल लावला. दोन सेकंद असेल. मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती. रागानं नाही; एखादी वस्तू आपण चुकीच्या जागी ठेवली होती हे लक्षात आल्यावर माणूस जसा बघतो, तशी. म्हणाली, "राहू दे गं. बाबा येतील आता." त्यानंतर तिनं मला कधी हाक मारली नाही.

"चला," मी म्हणाले.

"कुठे?"

"रंगबाईंकडे. उचला त्या बाजूनं."

रस्त्यानं आम्ही दोघांनी खुर्ची धरून नेली. शेजारच्या इमारतीच्या पहारेकऱ्यानं "विकायची का?" असं विचारलं. "नाही," बाबा आणि मी एकदम म्हणालो.

टायरच्या दुकानात रविवारचाही वर्ग चालू होता. सहा-सात बायका ड्रॉवर मांडीवर घेऊन घासत होत्या. रंगबाई ठेंगण्या, कोपरापर्यंत निळ्या, चष्म्याच्या काचेवरही निळा थेंब.

"आला का परत चहा!" खुर्ची बघताच त्या ओरडल्या. "काका, मी सांगते, हा चहा नाही. मी पस्तीस वर्षं चहा पितेय आणि सांडतेय."

बाबा कपाटावरच्या एका डबीचं लेबल वाचायला लागले. मी तोंड उघडलं. शब्द अगदी साधा आहे, दवाखान्याच्या भिंतीवर पाटी करून लावलेला असतो. सात महिन्यांत मी तो एकदाही उच्चारला नव्हता. डॉक्टरांशीसुद्धा मी 'ते' म्हणायची.

"लघवीचा आहे," मी म्हणाले. "माझ्या आईच्या. ही तिची शौचाची खुर्ची होती. सात महिने."

घासणं थांबलं. खुर्चीच्या सगळ्यात जवळ बसलेल्या बाईनं आपला ड्रॉवर उचलून पलीकडच्या मांडीवर घेतला. तिचं चुकलं असं मी कसं म्हणणार? मीही तेच केलं असतं.

रंगबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मग आधीच सांगायचं ना हो, काका! तीन डबे रंग वाया घालवलात." आणि मग माझ्याकडे वळून, जणू मी रंगाची छटा विचारली होती, "माझ्या सासऱ्यांच्या पलंगाची फळी अशीच होती. सगळा रंग लाकडापर्यंत खरवडायचा. मग व्हिनेगर आणि पाणी, चोळून, दोनदा. चार दिवस ऊन. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे दोन हात. लाख खालचं काही वर येऊ देत नाही, डाग नाही, वास नाही. मग काय हवा तो रंग मारा."

"टाकून दिलेली बरी नाही का?" कोपऱ्यातून कोणीतरी विचारलं.

"संच आहे तो," बाबा डबीलाच म्हणाले.

खरवडायचं काम आम्ही गॅलरीत केलं. बाबांनी पटाशी घेतली, मी पत्र्याचा तुकडा. मोतिया रंगाची सालपटं निघत गेली, खाली सरस, चिकट, ओल्या नखासारखा. मग पुट्टीचं पांढरं कडं, आणि त्याच्याभोवती लाकूड. गडद नव्हतं राहिलं ते. काळपट, हिरवट, कडेला तंतू सुटून मऊ पडलेलं. कोरडं होतं तोवर मी तग धरला. व्हिनेगरच्या पाण्याचा फडका फिरवला आणि वास उठला. दीड महिना रंगाखाली दाबून ठेवलेला तो वास ओलावा मिळताच जागा झाला, तिखट, जुना, व्हिनेगरलाही न जुमानणारा. मला ओळखायला क्षणही लागला नाही. मी उठले, गॅलरीच्या कोपऱ्यातल्या मोरीत ओकले, तोंड धुतलं आणि तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची चेन बसवत होतं.

मागे बाबांचा फडका चालूच होता.

"बाबा, तुम्हाला वास येत नाही?"

"येतो."

"मग?"

"मग काय? येतो."

मी परत येऊन बसले. रुमाल कमरेला खोचलेला होता. तो काढला, हात पुसले, परत खोचला. दुसऱ्यांदा चोळताना पुन्हा उमळून आलं, पण बाहेर काही आलं नाही. आत काही शिल्लकच नव्हतं.

"तिला कळलं होतं," मी म्हणाले. "एकदा मी नाकाला रुमाल लावला होता."

बाबांनी फडका पिळला. "मला सांगितलं होतं तिनं."

"काय सांगितलं?"

"म्हणाली, पोरीला या कामाला लावू नका. तिला लहानपणापासून पटकन उलटी होते. बसमध्ये पेरू कोणी खाल्ला तरी व्हायची." ते पुढे म्हणाले, "हसत होती सांगताना."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हसत होती, हे खरं असेल. किंवा हाही चहाच असेल. बाबा खाली मान घालून कडेचे सुटलेले तंतू एकेक करून उपटत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. मी फडका परत भिजवला.

चार दिवस ऊन दाखवलं. पाचव्या दिवशी कामावरून परस्पर जाऊन मी लाखेचा पहिला हात दिला, सहाव्या दिवशी दुसरा. लाख तांबूस असते, लाकडात शिरते आणि मग चकाकते. डाग तिच्याखाली स्पष्ट दिसत होता, काचेखाली ठेवल्यासारखा. किळस कमी झाली म्हणावं तर तसं नाही. ब्रश त्या कडेवरून जाताना दर वेळी माझे दात घट्ट मिटत होते. मग मोतिया रंग, सरस, परत रंग, तडे. बाबांनी रोज सकाळी तिरप्या उजेडात बैठक तपासली. दहा दिवस झाले तरी काही वर आलं नाही.

अकराव्या दिवशी रविवार होता. मावशी हातात उशी घेऊन आली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"माझी आहे. घरून आणली. मला कोणी काही विचारू नका."

टेबलावर सूप, पाव, बटाटे. बाबा म्हणाले, "दोघी जरा गॅलरीत जा. मी डोळे मिटून फिरवतो. मग कोणालाच कळायचं नाही."

"नका फिरवू," मी म्हणाले.

"का?"

"तुम्ही फिरवल्यात तर मला चारींची किळस येते. एकीची आलेली पुरे."

बाबांनी यावर विचार केला. वजनमापाच्या माणसाला हा हिशेब पटण्यासारखा होता. त्यांनी खुर्च्यांना हात लावला नाही. ती खिडकीकडच्या बाजूला होती. मीच सकाळी आणून ठेवली होती. मी ती ओढली. पाय फरशीवर घासल्याचा आवाज तोच होता. तो आवाज आला की मी स्वयंपाकघरात जायची. मी बसले.

"ती का?" मावशीनं उशी छातीशी धरून विचारलं.

"हो."

"अगं बाई." तिनं समोरच्या खुर्चीवर उशी ठेवली, तिच्यावर बसली, आणि आपलं ताट चार बोटं स्वतःकडे ओढून घेतलं.

बैठक सपाट होती. तरी बुजवलेल्या गोलाची कड मला जाणवत होती, किंवा ती कुठे आहे हे माहीत होतं म्हणून वाटत होतं. पहिला घास मी बराच वेळ चावला. मी पाणी प्यायले. बाबांनी माझ्या ताटात आणखी एक बटाटा टाकला, न विचारता, आई टाकायची तसा, आणि तो संपतो का ते बघत राहिले. मी तो बारीक बारीक करत, पाण्याच्या घोटाबरोबर, सगळा संपवला.